तोडीनंतरची दहा वर्षं: ठाणे जिल्ह्यातल्या सरकारी जंगलाचा हिशोब

ठाण्यात रस्त्याकडेचं झाड पडलं की तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो. येऊ दे, त्यामुळे झाडं वाचतात. पण त्याच ग्रुपवर नाशिक महामार्गावरचा सागाच्या ओंडक्यांनी भरलेला ट्रकही येतो, आणि मग सगळी चर्चा एकाच वाक्यावर येऊन थांबते: जंगल संपवताहेत. कधी ते खरं असतं, कधी अजिबात नसतं. फरक ओळखता आला नाही तर जिथे ओरडायला हवं तिथे आपण गप्प बसतो.

झाड तोडण्याचे सरकारी मार्ग मुळात तीन, आणि तिन्हींचे कायदे वेगवेगळे. शहरातल्या झाडाचा निर्णय महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण घेतं. त्यासाठी 1975 चा राज्याचा नागरी झाडांचा कायदा आहे. रस्ता, बोगदा, वीजवाहिनी यांसाठी वनजमीन घ्यायची असेल तर 1980 चा वन संवर्धन कायदा लागतो (2023 मध्ये त्याचं नाव बदललं) आणि केंद्राची मंजुरी लागते. तिथे जमिनीचा वापरच बदलतो, जंगल परत येणार नसतं. तिसरा मार्ग आपल्याला सर्वांत कमी माहीत आहे: जमीन जंगलच राहते, तिच्या एका ठरावीक तुकड्यातून ठरावीक झाडं काढली जातात आणि त्याच तुकड्यात पुन्हा जंगल उभं करण्याची जबाबदारी वन विभागावर येते. हा लेख या तिसऱ्या मार्गाबद्दल आहे.

आपल्या दाराशी असलेल्या बहुतेक जंगलात हा तिसरा मार्ग बंदच आहे. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथे 1972 चा वन्यजीव कायदा चालतो, आणि 14 फेब्रुवारी 2000 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राष्ट्रीय उद्यानं व अभयारण्यांतून सुकलेली, वाऱ्याने पडलेली झाडं उचलण्यालाही मनाई केली. तानसा आणि तुंगारेश्वर अभयारण्यांनाही तेच लागू. ऐरोली ते वाशी खाडीकाठच्या कांदळवनातही लाकडासाठी तोड नाही. म्हणजे नियोजित तोड असते ती शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या आतल्या भागात, जिथे आपण धबधबे बघायला जातो आणि जिथून भातसाचं पाणी आपल्या नळाला येतं.

मंजूर आराखड्याशिवाय कुऱ्हाड नाही

12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात एक अंतरिम आदेश दिला. देशातल्या कुठल्याही जंगलात झाड तोडायचं तर ते केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेनुसारच, नाहीतर नाही. कार्य आयोजना म्हणजे एका वनविभागाचा साधारण दहा वर्षांचा आराखडा. तो लिहिण्यासाठी वेगळा अधिकारी नेमतात. जो तोड करतो तोच आराखडा लिहीत नाही, ही व्यवस्था मला फार महत्त्वाची वाटते. आराखड्यात काय असायला हवं याची राष्ट्रीय संहिता आहे. ती 2004, 2014 आणि 2023 अशी सुधारत आली आहे.

ही कल्पना न्यायालयाची नव्हे. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन पहिला वनसंरक्षक झाला तो 1847 मध्ये. जहाजबांधणीला लागणारा साग संपत चालला, ही त्यामागची काळजी होती. सहा वर्षांत, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढे रूळ कसारा घाटाकडे सरकत गेले आणि रुळाखालच्या लाकडी स्लीपरांसाठी मागणी वाढतच गेली. 1864 मध्ये भारताचा पहिला वन महानिरीक्षक झालेला जर्मन डिट्रिक ब्रँडिस याने ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलात घेर मोजून तोड ठरवायची पद्धत आधीच बसवली होती. जंगलात किती आहे, दरवर्षी किती वाढतं आणि म्हणून किती काढता येईल, हे आधी कागदावर उतरवायचं, ही शिस्त तिथून आली.

त्या शिस्तीची दुसरी बाजू ठाण्याने लवकर भोगली. भाताचं रोप टाकायच्या आधी शेतात ऐन-किंजळीच्या फांद्या, पाचोळा, शेण पसरून जाळायचा, तो राब. त्यासाठी लागणाऱ्या फांद्या आणि पाला जंगलातूनच यायचा. राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या आणि त्या फांद्या तोडणं गुन्हा ठरला. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला. जंगलाचं नियोजन करताना लाकडाचा हिशोब केला आणि माणसांचा राहिला, असं तेव्हापासून होत आलं आहे.

किती काढायचं हे कसं ठरतं

जंगलाची आधी विभागणी होते. वनविभागाखाली परिक्षेत्र, त्याखाली परिमंडळ, मग वनरक्षकाचं नियतक्षेत्र. जमिनीचं सगळ्यात लहान कायमचं एकक म्हणजे कक्ष. त्याला क्रमांक असतो आणि तो शक्यतो बदलत नाही. आराखड्याचा सगळा इतिहास या कक्ष क्रमांकाला बांधलेला असतो. 1950 साली त्या कक्षात काय होतं आणि आज काय आहे, हे त्यामुळे ताडून पाहता येतं.

मग मोजणी. प्रत्येक झाड मोजणं अशक्य, म्हणून नमुना तुकडे आखून त्यांतली झाडं मोजतात: कोणत्या जातीचं, छातीच्या उंचीवर म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर घेर किती, प्रकृती कशी. त्याच तुकड्यात खाली बसून रोपंही मोजायची असतात. हे काम कंटाळवाणं आहे, गुडघे मोडणारं आहे आणि माझ्या मते आराखड्यातलं सर्वांत मोलाचं आहे. कारण सागाचं किंवा ऐनाचं फूटभर रोप दिसतं तेवढं लहान नसतं. दर उन्हाळ्यात वणव्याने, उन्हाने वरचा शेंडा मरतो, पावसात पुन्हा फुटतो, आणि खाली मूळ जाडजूड होत जातं. अशी काही वर्षं काढलेलं रोप एखाद्या साली उजेड मिळाला की झेप घेतं. ज्या कक्षात अशी मुरलेली रोपं आहेत तिथे वरचं झाड काढलं तर खालचं तयार आहे. जिथे ती नाहीत तिथे वरचं झाड काढणं म्हणजे नुसतं काढणंच.

नकाशावर मग जमिनीचे प्रकार पाडतात. साधारण 25 अंशांपेक्षा जास्त उताराची जमीन, धूप झालेली जमीन, ओढ्यानाल्यांच्या दोन्ही काठांचा 20 मीटरचा पट्टा हे सगळं संरक्षणाखाली जातं, तिथे तोड नाही. जिथे झाडोरा विरळ आहे तिथेही तोड नाही, तिथे भर घालायची. तरुण खांबवजा झाडांचे गट असतात. त्यांत विरळणी करायची, म्हणजे वाकडी, दबलेली, रोगट काढून चांगल्यांना जागा द्यायची. यानंतर जो दाट, पक्व झाडोरा उरतो तोच तोडीचा विषय. सह्याद्रीच्या उतारांवर हा शेवटचा भाग एकूण क्षेत्राच्या मानाने लहानच निघतो. नकाशावर हिरवं दिसतं ते सगळं तोडायला मोकळं, असं कधीच नसतं.

आता हिशोब. कल्पित आकडे घेऊ. सागाचं 3,000 हेक्टर क्षेत्र आहे आणि झाड पक्व व्हायला 60 वर्षं धरली आहेत. भारतात सागासाठी साधारण 50 ते 80 वर्षं धरतात. 3,000 ला 60 ने भागलं की 50. दरवर्षी 50 हेक्टर घ्यायचे, त्याला कूप म्हणतात. साठ वर्षांनी पहिल्या कूपात परत आलो तर तिथलं नवं जंगल साठ वर्षांचं झालेलं असेल. पण सगळी जमीन सारखी नसते. नदीकाठचा 1 हेक्टर आणि कातळावरचा 1 हेक्टर सारखं लाकूड देत नाहीत. म्हणून घनफळाचा दुसरा हिशोब करतात. उभं लाकूड समजा 90,000 घनमीटर आहे. त्याची दुप्पट करून 60 ने भागायचं: वर्षाला 3,000 घनमीटर. दुप्पट कशासाठी? एक वर्षाच्या रोपापासून साठ वर्षांच्या झाडापर्यंत सगळ्या वयांची झाडं सारख्या क्षेत्रावर असतील तर सरासरी झाड अर्धंच वाढलेलं असतं. आत्ता उभं दिसतं ते पूर्ण वाढीच्या निम्मं. हे सूत्र ढोबळ आहे, पण क्षेत्राच्या हिशोबातली चूक पकडायला पुरतं. दोन्ही आकडे वेगळे आले तर शहाणा अधिकारी लहान आकडा घेतो.

या सगळ्या गणितामागचं गृहीत एकच: प्रत्येक वयाची झाडं आहेत. शाळेत एका वर्षी पहिलीला एकही मूल आलं नाही तरी त्या वर्षीचा दहावीचा निकाल उत्तमच लागतो. पोकळी दिसायला दहा वर्षं जातात, आणि तेव्हा काही करता येत नाही. जंगलात ती दिसायला साठ वर्षं लागतात. मधल्या काळात कित्येक अधिकारी बदलून गेलेले असतात, त्यामुळे जबाबदार कोण हे विचारायलाही कुणी सापडत नाही.

कूपातला एक हिवाळा

प्रत्यक्ष तोडीची पद्धत झाडोऱ्यावर ठरते. आपल्याकडच्या मिश्र पानगळी जंगलात बहुधा निवडक तोड करतात. घेराची मर्यादा ठरते, तिच्या वरचीच झाडं घ्यायची, आणि तीसुद्धा सगळी नाही. चांगलं बी देणारी काही राखायची. मोह, हिरडा, बेहडा, आंबा यांसारखी फळझाडं राखायची. ढोली असलेली, घरटी असलेली राखायची. एखादं झाड काढल्याने वर मोठं भगदाड पडत असेल तर तेही राखायचं.

झाडावर खूण करणं याला मार्किंग म्हणतात. झाडाला क्रमांक पडतो, बुंध्यावर खाचून सरकारी हातोड्याचा ठसा उमटवतात, आणि तो ठसा इतक्या खाली असतो की झाड तोडल्यावरही खुंटावर उरतो. पुढे कुणी शंका घेतली तर खुंट आणि नोंदवही ताडून बघता येते. ठसा नसलेला खुंट म्हणजे चोरी, सरळ हिशोब. खैराच्या बाबतीत ही तपासणी फार लागते. कातासाठी खैराला मागणी कायम असते आणि चोरटी तोडही कायम.

पावसाळा संपून जमीन वाळली की तोड सुरू होते आणि उन्हाळ्यात वणव्याचे दिवस भरात यायच्या आत आटोपावी लागते. झाड कुठल्या बाजूला पाडायचं, हे आजूबाजूच्या पोरवयाच्या झाडांकडे बघून ठरवायचं असतं. खुंट जमिनीलगत आणि तिरका कापायचा, म्हणजे पाणी साचत नाही, खुंट कुजत नाही आणि फुटवा जमिनीजवळून जोमाने येतो. उंच ठेवलेला, फाटलेला खुंट दिसला तर कामावर कुणाचं लक्ष नव्हतं हे समजावं. ओंडक्यांवर पुन्हा क्रमांक आणि ठसा, मग वाहतूक पास, मग विक्री आगार, तिथे प्रतवारी आणि लिलाव. महामार्गावरच्या ट्रकचालकाकडे हा पास असलाच पाहिजे.

आणि मग खरं काम

तोड एका हिवाळ्यात होते, तिच्यातून पैसे येतात, म्हणून ती सहसा वेळेवर होते. पुढच्या दहा वर्षांत फक्त खर्च असतो. जंगल राहणार की जाणार हे तिथे ठरतं.

नवं जंगल तीन वाटांनी येतं. पहिली वाट खुंटाची. साग, धावडा यांच्या तरुण खुंटांना पहिल्याच पावसात झुपकेदार फुटवे येतात. सगळे ठेवले तर झुडूप होतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एकदोन सरळ फुटवे राखून बाकीचे काढायचे. म्हाताऱ्या, जाड खुंटाला हे तितकं जमत नाही, आणि त्याच खुंटाकडून पुन्हा पुन्हा फुटवा घेत राहिलं तर जोम घटत जातो. दुसरी वाट आधीच्या मुरलेल्या रोपांची. तोडीत मोडलेली, वाकलेली रोपं तोडीनंतर जमिनीलगत साफ कापतात. बघणाऱ्याला क्रूर वाटतं, पण खालच्या दमदार मुळातून नवा सरळ शेंडा येतो.

तिसरी वाट लागवडीची. सागाची जुनी पद्धत सुंदर आहे. सागाच्या फळाचं कवच इतकं कठीण की ते आलटून पालटून भिजवून, वाळवून मऊ करावं लागतं. रोपवाटिकेत वर्षभर वाढलेलं रोप उपटून त्याची जडी करतात: अंगठ्याएवढं जाड, वीतभर मूळ आणि वर बोटाच्या दोन पेरांएवढी काडी, पानं-फांद्या सगळं छाटलेलं. पाऊस लागला की पहारीने भोक पाडून जडी आत सोडायची आणि माती दाबायची. लागवड कमी श्रमात होते, आणि सोपी म्हणूनच ती जास्त झाली. 2 बाय 2 मीटरवर लावली तर हेक्टरी 2,500 रोपं. एवढी शेवटपर्यंत वाढवायची नसतातच. टप्प्याटप्प्याने विरळणी करत शेवटी शे-दोनशे झाडं उरावीत असं गणित असतं. विरळणी वेळेवर झाली नाही की काठ्यांचं रान तयार होतं. ना लाकूड चांगलं, ना खाली गवत-झुडूप.

येऊरच्या वाटेवर किंवा माळशेजच्या रस्त्याला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सागाची पानं जाळीदार, तपकिरी झालेली दिसली तर घाबरू नका. ती एका अळीची करामत, झाड मरत नाही, फक्त त्या वर्षीची वाढ मंदावते.

घाबरावं ते गुरं, वणवा आणि तण यांना. तोडीनंतर कूपात उजेड येतो, गवत माजतं, गुरं आत येतात आणि सर्वांत कोवळा शेंडा आधी खातात. म्हणून काही वर्षं चराईबंदी लागते, भोवती चर खणावा लागतो. वाळलेलं तेच गवत फेब्रुवारीपासून पेटायला लागतं. त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करायच्या आणि तोडीतल्या फांद्या-काटक्या खुंटांपासून दूर ओढायच्या. पहिले दोन-तीन पावसाळे बेणणी करायची, म्हणजे तण काढायचं. यांतलं एक साल चुकलं तरी मागची सगळी मेहनत वाया जाते. तिसऱ्या वर्षी निधी उशिरा आला, जाळरेषा राहिली आणि मार्चमध्ये डोंगर पेटला, एवढंच पुरतं.

म्हणूनच लागवडीच्या आकड्यांनी माझं समाधान होत नाही. राज्याने 2016 ते 2019 या काळात अनुक्रमे 2, 4, 13 आणि 33 कोटी रोपांची लक्ष्यं ठेवली. लोक उत्साहाने खड्डे खणायला गेले, तो उत्साह खरा होता. पण जंगलाच्या दृष्टीने लावलेल्या रोपांची संख्या म्हणजे फक्त सुरुवात. तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी किती जिवंत आहेत, आणि त्यांत स्थानिक जाती किती, गिरिपुष्प-सुबाभूळ यांसारख्या बाहेरच्या किती, हा आकडा हवा.

लागवडीचा मोह किती महागात पडू शकतो हे राज्याने पाहिलं आहे. 1972 मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने लाकडासाठी मानवनिर्मित जंगलं वाढवण्याची शिफारस केली आणि 1974 मध्ये महाराष्ट्रात वनविकास महामंडळ स्थापन झालं. कमी किमतीचं मानलेलं मिश्र जंगल सरसकट साफ करून साग लावायचा, असं ते धोरण. साग उभा राहिला, पण मोह, ऐन, हिरडा, करवंद गेलं आणि त्यावर जगणाऱ्या गावांचं बरंच काही गेलं. 1988 मध्ये वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन नैसर्गिक झाडोरा साफ करून नवी लागवड करण्यासाठीही केंद्राची पूर्वपरवानगी लागू लागली, आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय वन धोरणाने पर्यावरणाचा तोल आणि जवळच्या लोकांच्या गरजा महसुलाच्या आधी ठेवल्या. मला विचाराल तर ती दुरुस्ती दहा वर्षं आधी यायला हवी होती.

खाडीकाठी हे सगळं तंत्र उलटं पडतं. कांदळवनात पुनर्निर्मिती मुख्यतः पाण्याची वाट मोकळी करण्याने होते. भरावाने, बांधाने भरतीचं पाणी अडलं असेल तर कितीही तिवर (कांदळवनातलं झाड) लावा, ते मरतं. पाणी आत-बाहेर खेळू लागलं की पावसाळ्याअखेर तिवराची फळं आपोआप वाहत येतात आणि चिखलात रुजतात. नवी मुंबईतल्या लागवडीच्या कार्यक्रमाला जाल तेव्हा आधी बघा, त्या जागी भरती पोहोचते का.

कापणारे हात आणि राखणारे हात

कूपात काम करतात वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. एकेकाळी ते ठेकेदाराच्या हाताखाली, त्याच्या मर्जीच्या मजुरीवर राबायचे. 1945 ते 1947 च्या वारली उठावात वेठबिगारीसोबत गवतकापणी आणि जंगलतोडीच्या मजुरीचाही लढा होता. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होते. स्वातंत्र्याच्या सुमारास जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या आणि ठेकेदाराऐवजी त्यांना कूप मिळू लागले. कल्पना उत्तम होती. सगळ्या संस्था सारख्या चालल्या नाहीत, पण मजुराला जंगलाच्या उत्पन्नात वाटा असावा हे तत्त्व तिथून रुजलं.

2006 च्या वनहक्क कायद्याने पुढचं पाऊल टाकलं. इमारती लाकूड गौण वनोपजात, म्हणजे या कायद्याने गावकऱ्यांना दिलेल्या मोह-डिंकासारख्या उत्पन्नात, येत नाही, त्यामुळे सागाची तोड अजून विभागाकडेच आहे. पण सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपल्या पारंपरिक जंगलाचं रक्षण, पुनर्निर्मिती आणि व्यवस्थापन करण्याचा कायदेशीर अधिकार आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात (आदिवासींसाठी खास तरतुदी असलेल्या भागात) असल्याने तिथे ग्रामसभेचं वजन आणखी वाढतं. म्हणजे त्याच डोंगरावर विभागाची कार्य आयोजना आणि ग्रामसभेचा आराखडा असे दोन कागद येऊ शकतात, आणि ते जुळवून घेणं कायद्याला अपेक्षित आहे. माझं मत स्पष्ट आहे: चराईबंदी पाळली जाते ती गावाने ठरवलं तरच. एका वनरक्षकाच्या अंगावर शेकडो हेक्टर असतात. तो रात्री प्रत्येक जाळरेषेवर उभा राहू शकत नाही. गाव राहू शकतं, जर त्या जंगलात गावाचं काही असेल तर.

आपण काय विचारायचं

कार्य आयोजना हा सार्वजनिक कागद आहे. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर तो मागता येतो आणि 30 दिवसांत उत्तर मिळायला हवं. अर्जात नुसतं 'शहापूरचं जंगल' लिहू नका. परिक्षेत्र, नियतक्षेत्र आणि कक्ष क्रमांक लिहा, नाहीतर उत्तर मोघम येईल. तोड किती झाली हे विचाराच, पण पाच वर्षांपूर्वी तोड झालेल्या कूपाची माहिती आधी मागा: फुटव्यांची छाटणी कोणत्या साली झाली, किती रोपं लावली, कोणत्या जातींची, शेवटच्या मोजणीत किती जिवंत होती, जाळरेषेवर प्रत्येक वर्षी किती खर्च झाला, वणव्याची नोंद आहे का. आराखड्यात ठरलेलं आणि प्रत्यक्षात झालेलं यांतला फरक विभागाला नोंदवावा लागतो. त्या फरकाच्या नोंदीची प्रतही मागा. आणि त्या गावची ग्रामसभा कधी भरते ते विचारून घ्या, कारण तो कागद तिथे वाचून दाखवला तर त्यातली कोणती ओळ खरी आणि कोणती खोटी, हे सांगणारी माणसं तिथेच बसलेली असतात.